जुनी शिलाई मशीन, सायकल, कॅसेट आणि महेश्वरी साडी: घरच्या गणपतीसाठी हलती झांकी कशी करावी?

सुदामानगरची सून:

नमस्कार मंडळी. इंदुरातल्या लोकमान्य नगरातलं सासरचं जुनं घर रिकामं करतोय. टांडावरचं सगळं सामान खाली आलंय आणि अटाळेवाला (भंगारवाला) येता-जाता विचारून जातो. खरोखर मोडकं आहे ते देऊन टाकू, पण काही वस्तूंवरून हात उठत नाही. त्या अशा:

आजेसासूबाईंची पायानं चालवायची शिलाई मशीन, लोखंडी स्टँडसकट. पायडल फिरतं, चामड्याचा पट्टा मात्र वाळून कडक झालाय. आजेसासऱ्यांची काळी, मोठ्या चाकांची सायकल. टायर गेले, साखळी गंजली, पण हलते. पत्र्याची भली मोठी पेटी, झाकणावर कमळ रंगवलेलं. दोन पिशव्या भरून कॅसेट. चष्म्याची घरं, आजोबांनी आयुष्यात एकही टाकलं नव्हतं. जुन्या कूलरच्या बाजूच्या जाळ्या. आणि सासूबाईंची निळी महेश्वरी साडी, काठ शाबूत पण घड्यांवर विरलेली, नेसण्यातून गेलेली.

दरवर्षी आम्ही बाजारातून तयार मखर आणतो आणि तासाभरात उभं करतो. अनंत चतुर्दशीला रात्री जेल रोडवर उभं राहून झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले हलते देखावे, बघायच्या हा मुलांचा वर्षाचा सगळ्यात मोठा सण असतो, आणि यंदा दोघांनी हट्ट धरलाय की आपल्या घरीही काहीतरी हलणारं हवं. मुलगा नववीत आहे, पाना-स्क्रूड्रायव्हर हातात धरणारा. मुलगी चौथीत. सासरे बांधाबांधीत पटाईत. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, त्यामुळे सजावट चालू असताना त्या खुर्चीवरून नुसत्या बघत असतात. यंदा त्यांच्याही हाताला काम हवं, हे माझ्या मनात सगळ्यात आधी आहे.

अटी तीनच. वीज शक्यतो नको, कारण फुलं, पाणी आणि लहान मुलं एकाच ठिकाणी. साडी कापायची नाही. आणि सण झाल्यावर मशीन पुन्हा शिवायला लागली पाहिजे, ती मला वापरायची आहे. काय करता येईल?

राजेंद्रनगरकर:

ताई, बाकीचं जाणकार सांगतील. कॅसेटना हात लावण्याआधी त्या वेगळ्या करा. हातानं नाव लिहिलेली, घरी भरलेली एकेक कॅसेट बाजूला ठेवा. विकतच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन लहान खाचा उघड्या असतात, कोऱ्या घेऊन भरलेल्यांना तिथं बहुतेक प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या असतात, एवढ्यावरून पहिली निवड होते. पण कुणी भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून ती पट्टी मुद्दाम मोडलेलीही असते, तेव्हा शंका आली की ऐकूनच ठरवा. आमच्याकडे आत्याच्या मंगळागौरीची गाणी अशाच एका बिननावाच्या कॅसेटवर निघाली. हे काम तुमच्या चौथीतल्या मुलीला आणि सासूबाईंना मिळून द्या. ऐकताना त्या जे सांगतील ते मुलीनं वहीत लिहावं.

जुना फिटर:

ताई, तुमच्या यादीत झांकीचं अख्खं यंत्र पडलेलं आहे. विकत काही घ्यायचं तर मशीनचा पट्टा.

माझे वडील कापडाच्या मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. भाद्रपद जवळ आला की पाळी संपवून मंडळी झांकीच्या शेडमध्ये जायची. मी डबा घेऊन जायचो आणि झांकीच्या मागच्या बाजूला उभा राहायचो. पुढून हनुमानाचा हात वर जाताना दिसायचा, मागून तो हात वर ढकलणारी सळई दिसायची. मला मागची बाजूच आवडायची, आणि पुढे तोच माझा धंदा झाला. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, बाकीच्याही एकेक करून गेल्या, तरी त्यांच्या नावाच्या झांक्या कामगारांनी चालू ठेवल्या. त्या शेडमधली शिस्त एकच होती: सगळं सुटेल असं जोडायचं. यंदा हनुमानाच्या हाताला असलेली सळई पुढच्या वर्षी द्रौपदीच्या चिराला लागायची. तुम्हीही बांधा, शिवा, अडकवा, नटबोल्ट लावा. फेव्हिकॉलची बाटली घरात असू दे, झांकीपासून लांब. चिकटवलेली कॅसेट पुन्हा कॅसेट राहत नाही, आणि आपल्याकडे कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा सगळं वेगळं द्यायचं असतं. कागद-प्लास्टिक-कापड एकात एक चिकटलेला गोळा कुठल्या डब्यात टाकाल? थर्माकोलचं तर बोलायलाच नको, सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

देखावा माझ्या मनात आला तो नर्मदाकाठच्या महेश्वरच्या घाटाचा. निळी महेश्वरी साडी घरात आहे म्हटल्यावर नर्मदा आलीच. लाटा हलतील, नाव डोलेल. गणपती मात्र स्थिर.

आता यंत्र. मशीनचं डोकं उचलून बाजूला ठेवा, स्टँड तेवढा घ्या. पायडल दाबलं की खालचं मोठं चाक फिरतं, त्याच्या खोबणीतून पट्टा वर जातो. तो वर न नेता मागच्या बाजूनं काढा. मागे सायकल उलटी उभी करायची, सीट आणि हँडल जमिनीवर, खाली पोतं. मागच्या चाकाचं टायर-ट्यूब काढून टाका. रिकाम्या रिमला जी खोलगट पन्हळ असते तीत पट्टा मस्त बसतो.

मुलाकडून साखळीच्या पुढच्या-मागच्या चक्रांचे दात मोजून घ्या. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात. हिशेब असा: पायडल आरामात मिनिटाला ६० फेरे देतं. मशीनचं चाक साधारण १२ इंच, रिम २५ इंच, म्हणजे रिम २९ फेरे घेईल. मागच्या १८ दातांवरून साखळी पुढच्या ४४ दातांवर जाते, तिथं उरतात १२. पाच सेकंदांना एक लाट. नदी अशीच हवी, याहून वेगात ती पूर आल्यासारखी दिसते. म्हणजे एरवी सायकल पुढून मागं चालते, इथं आपण ती मागून पुढं चालवतोय.

एक गोष्ट इथं नीट बघा. रिम एका बाजूला फिरवली तर टिकटिक आवाज येतो आणि साखळी जागची हलत नाही. दुसऱ्या बाजूला फिरवली की साखळीही ओढली जाते आणि पुढचं मोठं दातेरी चक्र, म्हणजे चेनव्हील, फिरतं. आपल्याला ही दुसरी दिशा हवी. पायडलचं चाक दोन्हीकडे फिरतं, सुरुवातीला हातानं ज्या बाजूला झटका द्याल त्या बाजूला ते चालू राहतं.

चेनव्हीलच्या मधल्या मोकळ्या जागेत, आसापासून दोन इंचांवर, एक बोल्ट दोन वायसर लावून आवळा. त्या बोल्टाला सळई. सळईसाठी पुढचं चाक खोला. जुन्या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ स्पोक असतात आणि मागच्याला ४०, म्हणजे फुटाफुटाच्या ३२ पोलादी सळया फुकट. स्पोकचं एक टोक वाकलेलं असतं, ते अडकवायला. दुसऱ्या टोकाला आटे आणि निपल, ते फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. 

ही सळई वर-खाली होईल चार इंच. लाटेला दोन पुरे. म्हणून मधे एक लाकडी पट्टी घ्या, तराजूच्या दांडीसारखी मधोमध टेकलेली. सळई पट्टीच्या टोकाला, मध्यापासून आठ इंचांवर. लाटेच्या काठ्यांना जाणाऱ्या सळया मध्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंचांवर. एका बाजूच्या काठ्या वर गेल्या की दुसरीकडच्या खाली. चार काठ्या पुरतात: पहिली-तिसरी एका बाजूला, दुसरी-चौथी दुसऱ्या. काठ्यांवर साडी सैल सोडायची. ताणलीत तर लाट येणार नाही आणि साडी फाटेल.

घाटाला कॅसेट, डब्यांसकट. आठ कॅसेट लांबीला लांबी लावून ठेवल्या की तीन फुटांची पायरी होते. उंचीसाठी खाली मुलांच्या जुन्या वह्यांचे गठ्ठे. त्यांच्यावर दगडाचा रंग बिलकुल देऊ नका. नावाची कड पुढे ठेवा, येणारे लोक वाकून वाचतील, आणि कॅसेट कॅसेट म्हणूनच दिसली पाहिजे. चष्म्याचं घर उघडं ठेवलं की त्याची नाव होते, झाकण म्हणजे शीड. तिला दोन्ही टोकांना दोरा बांधून लाटेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या काठीला सोडा, म्हणजे ती डोलेल. पत्र्याची पेटी हे गणपतीचं आसन. ती या यंत्राला कुठेही टेकलेली नको, मधे चार बोटं अंतर ठेवा. मातीच्या मूर्तीला सततचा हादरा चालत नाही.

साखळी, चेनव्हील आणि रिम यांच्याभोवती कूलरच्या जाळ्या तारेनं बांधा. ही बाब मुलांवर सोडू नका, मोठ्या माणसानं स्वतः बांधायची. चालत्या साखळीत बोट गेलं तर निघत नाही. पायडलपाशी बसणाऱ्याचा पदर, ओढणी खोचलेली हवी.

सासूबाई पायडलवर. खुर्चीवर बसूनच ते चालतं, आणि काम टाच-चवड्याचं असतं, गुडघा फार वाकत नाही. तरी त्यांना झेपतंय का ते त्यांनाच ठरवू द्या.

शिवणघर:

फिटरकाकांनी साडी सैल सोडा म्हटलंय ते बरोबर, पण विरलेल्या साडीत काठ्या घालाल तर पहिल्या दिवशीच घडीवर चिरेल. महेश्वरीचा ताणा बहुधा रेशमाचा आणि बाणा सुती असतो. वजनाला हलकी, म्हणून लाटेला उत्तम, पण जुनं रेशीम घडीवर आधी तुटतं. आधी तिला अस्तर लावा. घरातलं जुनं धोतर चालेल, जितकं धुतलेलं तितकं मऊ. लांब टाक्यांचा धावदोरा घाला, एका टाक्यात बोटाचं एक पेर जाईल इतका लांब, आणि साडीच्याच रंगाचा सुती दोरा. काठ्यांसाठी नेफे शिवायचे ते अस्तराला, साडीला नाही. म्हणजे ओढ सगळी धोतरावर येते, साडी नुसती वर पडून राहते. सण झाला की धावदोरा ओढून काढा, साडी जशीच्या तशी.

काठ प्रेक्षकांकडे ठेवा. महेश्वरीच्या काठावर लहर, चटाई, वीट, हिरा असे नमुने असतात, महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कामातून आलेले. तुमच्या साडीवर कुठला आहे तो मुलीला शोधायला सांगा. लहर निघाली तर पुढची कड बरोबर नदीच्या काठावर येईल अशी मांडा.

आणि हे नेफे शिवायला ती मशीनच वापरा की! डोकं उतरवण्याआधी ती चालू करून घ्या. वरच्या बारीक भोकांतून थेंब-थेंब रॉकेल सोडायचं, चाक हातानं फिरवायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी काळं पाणी निघेल ते फडक्यानं पुसून मग मशीनचं तेल. रॉकेलवर थांबलात तर घासून खराब होईल, तेल हवंच. सुई नवी घाला. कडक झालेला पट्टा टाका, त्यात पुन्हा जीव येत नाही.

सुदामानगरची सून:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी लगेच विचारलं, "पायडल मी मारणार ना? मग मशीन आधी मला बघू दे." काल त्या संध्याकाळभर मशीनपाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. पंधरा वर्षांच्या असताना याच जातीच्या मशीनवर परकर शिवायच्या म्हणे, हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

काका, तीन प्रश्न. पट्टा किती लांब घेऊ? मशीनचा एक पट्टा पुरणार नाही असं वाटतं. मुलगा विचारतोय की चाक एकाच दिशेनं साखळी का ओढतं. आणि पट्टा घसरला तर काय करायचं?

जुना फिटर:

लांबी मोजू नका, सुतळी गुंडाळा. मशीनचं चाक आणि रिम यांच्या मध्यांत तीन फूट अंतर ठेवलं तर अंदाजे ११ फूट निघेल. मशीनचा पट्टा सहा फुटांचा येतो, दोन घेऊन दोन पिनांनी जोडा आणि जास्तीचा कापा. पिन खोबणीच्या आतल्या बाजूला उभी राहत नाही ना ते बोटानं बघा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टक् करेल. सैल वाटला तर पट्टा कापू नका, सायकल मागे सरकवा आणि सीटपाशी वीट लावा. तरीही घसरला तर रिमच्या पन्हळीत राळेची पूड चिमूटभर. तेल पट्ट्याच्या जवळपासही नको.

मुलाला म्हणावं, फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, खोलून बघण्यासारखं आहे, पण सण झाल्यावर, कारण आतले बारीक छर्रे सांडले की सापडत नाहीत. आत दोन छोटे अडसर असतात, मिस्त्री त्यांना कुत्ते म्हणतात. मागे हलकी स्प्रिंग. बाहेरच्या कड्याला आतून तिरके दात असतात. एका बाजूला फिरलं की अडसर दातांवरून घसरत जातात, टिकटिक ती त्यांची. उलट फिरलं की दातांत रुततात आणि चाक-साखळी एकजीव होतात. उतारावर पायडल न मारता सायकल पळते ती यांच्यामुळे. आपल्या झांकीत याचा एक फायदा आहे: कुणी पायडल भलत्या दिशेनं सुरू केलं तर रिम नुसती फिरेल, लाटांना धक्का बसणार नाही.

पुण्यातला इंदुरी:

ज्यांच्याकडे पायडलचा स्टँड नाही त्यांच्यासाठी लिहितो. मायक्रोवेव्हची काचेची ताटली फिरवणारी चपटी मोटर मिनिटाला पाच-सहा फेरेच घेते, म्हणजे वेग कमी करायची भानगडच नाही. कूलरच्या पुढच्या पट्ट्या डावी-उजवीकडे हलवणारीही तशीच असते. दुरुस्तीवाल्याकडून सुटी मोटर घ्या. घरचा बंद मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका, प्लग काढलेला असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. मोटरवरचा आकडा वाचा, काही २३० व्होल्टच्या असतात, काही २१ च्या. तारा वायरमनकडून जोडून घ्या आणि मोटर बंद डब्यात ठेवा. या मोटरी सुरू होताना कधी डावीकडे कधी उजवीकडे फिरतात, तेव्हा देखावा असा निवडा की दोन्ही चालेल. लाट, झोका, नाव चालेल. जातं किंवा रहाट मात्र उलटा फिरलेला दिसेल.

आमच्या फ्लॅटमध्ये हेच करावं लागतं. पण ताईंकडे पायडल असताना मी मोटरकडे बघितलंही नसतं.

जुना फिटर:

सहमत. पायडलचा आणखी एक फायदा म्हणजे आरतीच्या वेळी पाय थांबला की झांकी थांबते. आणि दर्शनाला आलेल्या प्रत्येक पोराला दोन मिनिटं बसायला मिळतं. मागची बाजू पडद्यानं झाकू नका. तिकडून बघणारं एखादं पोर असतंच.

सुदामानगरची सून:

दात मोजले. पुढे ४६, मागे १८. पुढचं चाक खोललं, ३२ स्पोक निघाले, चार गंजून तुटले, बाकी धड आहेत. काठावर लहर नाही, चटाई आहे, मुलीनं भिंग लावून पाहिली. ती म्हणते घाटावर चटई असतेच, चालेल. महेश्वरी घडीवरून थोडी आणखी उसवली होती, सासूबाईंनी तिथं आधी हातानं टाके घातले.

त्यांनी पायडल चालवून पाहिलं. मुलानं घड्याळ लावलं, त्यांचा वेग मिनिटाला ४५ च्या आसपास येतो. तेवढा पुरेल ना?

जुना फिटर:

पुरेल. ४५ ला रिम साडेएकवीस, आणि ४६-१८ नं चेनव्हीलचे साडेआठ फेरे. सात सेकंदांना एक लाट, नर्मदा महेश्वरला एवढीच हलते. त्यांना त्यांच्या वेगानं चालवू द्या, वाढवायला सांगू नका. पाय जड वाटला तर चेनव्हीलवरचा बोल्ट आसाच्या अर्धा इंच जवळ घ्या. लाट थोडी कमी उठेल आणि पाय हलका पडेल. ते काम दहा नंबरच्या पान्याचं आहे, मुलाकडे द्या. आणि पट्टा चढवायच्या आधी साखळीला तेल.